अर्धा मुटका, नऊ शिक्के

एखाद्या लाडक्या माणसाचं वाटोळं करणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही. एकट्या माणसाला मध्येच दया येते, झोप येते, क्वचित लाजही वाटते. समितीला यातलं काहीच होत नाही. म्हणून सुधारलेल्या देशांत हे काम समितीकडे सोपवतात. टोकियोत तर ही पद्धत इतकी पूर्णत्वाला पोचली आहे, की ज्याच्या माणसाचं वाटोळं झालं त्याला शेवटी आभाराचं पत्र आणि लाकडी पेटीतलं खरबूज मिळतं.

नोगामि फुमिएला खरबूज मिळालं तो गुरुवार होता. पण ते जरा पुढचं.

जुन्या गेमवरून कार्टून काढायचं ठरलं की आधी निर्मिती समिती बसते. तीत एक कंपनी नसते, नऊ असतात. कार्टून बुडालं तर प्रत्येकानं नवव्या हिश्श्यानं बुडावं आणि चाललं तर प्रत्येकानं पूर्ण श्रेय घ्यावं, अशी ती सोय. तोबोच्या समितीत एक टीव्ही केंद्र होतं, एक जाहिरातवाले, एक खेळणीवाले, एक गाणी काढणारे, एक प्रकाशक, पावाचा एक मोठा कारखाना, शिकवणीवर्गांची एक साखळी आणि एक डोंगरी रेल्वे. (तिच्या एका स्टेशनाचं नाव तोबोच्या गावाच्या नावासारखं ऐकू येई, एवढ्या नात्यावर.) नववी कंपनी गेमची मालक. म्हणजे ज्यांनी गेम बनवला ते नव्हेत. ते केव्हाच विकले गेले, मग ज्यांनी त्यांना घेतलं तेही विकले गेले. हल्लीच्या मालकांचा मुख्य धंदा गाड्या उभ्या करायच्या जागा भाड्यानं देण्याचा. एका इमारतीबरोबर तोबो त्यांच्याकडे आला होता, जुन्या कपाटासारखा.

आता तोबो.

‘डोंगरापलीकडचं टपाल’ या १९८६ सालच्या गेममधला हा टपालवाला. उंची सोळा ठिपके, रुंदी सोळा ठिपके, रंग तीन. वय चाळिशीचं. मिशी दोन ठिपक्यांची, पैकी एक वाऱ्यानं उडाल्यासारखा. तो बोलत नसे आणि कोणाला मारत नसे. वाटेत कुत्रं आलं तर ते जाईपर्यंत थांबे. दुकानदार म्हणाले, हा गेम कोण घेणार. पुष्कळांनी घेतला.

घेतला तो अर्ध्या मिनिटासाठी. खेळता खेळता तुम्ही कंट्रोलर खाली ठेवलात की तोबो आपल्या पिशवीवर बसे, तुमच्याकडे तोंड करून. मग सावकाश भाताचा मुटका काढे, अर्धा खाई, आणि उरलेला अर्धा शेजारच्या दगडावर ठेवून बसून राही. या सगळ्याला अर्धं मिनिट लागे. मध्येच तुम्ही कुठलंही बटण दाबलंत तर तो मुटका परत पिशवीत ठेवी आणि उठे. त्यामुळे दगडावरचा अर्धा मुटका फक्त त्यांनाच दिसे, ज्यांना अर्धं मिनिट हात आवरता येत होता. आणि ज्या मुलांना तो दिसला, त्यांनी आपापल्या घरी बसून, कोणी न सांगता, एकच निष्कर्ष काढला: तो आपल्यासाठी ठेवलाय.

खरी गोष्ट अशी होती की कॅसेटमधली जागा संपली होती. फुमिए तेव्हा बावीस वर्षांची. चित्रकलेचं शिक्षण शून्य. लोकरीच्या दुकानात स्वेटरच्या नक्षीचे चौकोन भरायची, आणि ज्याला चौकोन भरता येतात त्याला ठिपकेही भरता येतील, एवढ्या तर्कावर गेमवाल्यांनी तिला उचललं होतं. तिनं मुटक्याची तीन चित्रं काढली होती: अख्खा, अर्धा आणि रिकामा हात. प्रोग्राम लिहिणारा शिमोकावा म्हणाला, “दोनच मावतायत. कुठलं काढू?” फुमिएला जेवायला जायचं होतं. ती म्हणाली, “शेवटचं काढ.”

मग पत्रं यायला लागली. तेवीसशे. ‘तो अर्धा माझा आहे का?’ फुमिएनं सगळ्यांना पोस्टकार्डावर एकच उत्तर लिहिलं: ‘हो, तुझाच.’ ही शुद्ध थाप होती. पण तेवीसशे वेळा स्वतःच्या हातानं लिहिलेल्या थापेत आणि खऱ्यात पुढे फारसं अंतर उरत नाही. पन्नाशी उलटेपर्यंत फुमिएची खात्रीच पटली होती की तो अर्धा तिनं मुद्दामच ठेवला.

छत्तीस वर्षांनी समितीनं तिला शोधून काढलं आणि ‘देखरेख’ हे पद दिलं.

देखरेख या पदाचं स्वरूप असं, की प्रत्येक कागद समितीकडून देखरेखीकडे जातो आणि शिक्का घेऊन परत येतो. शिक्क्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर नऊ कंपन्यांचा गळा फुमिएच्या हातात होता. (कागद कधी शिक्क्याविना परत आला आहे काय, असं तिनं विचारलं, तेव्हा समितीचा चिटणीस त्सुकुदा यानं जुन्या फायली पाहून सांगितलं, की तसं अद्याप घडलेलं नसल्यामुळे त्यासाठी रकाना छापलेला नाही.)

शिमोकावा आता फुकायाला लांब पातीचे कांदे लावतो. त्याला तिनं फोन केला.

“अगं, तुला कोणी सांगितलं होतं हो म्हणायला?” तो म्हणाला. “देखरेख म्हणजे आपल्याच घरफोडीला कंदील धरणं.”

“मी नाही धरला तर अंधारात फोडतील.”

“हे बरं आहे तुझं. मग एक काम कर. बाकी काय मागतील ते देऊन टाक. भांडू नकोस. अर्धा मुटका तेवढा सोडू नकोस.”

“सोडणार नाही.”

“आणि कांदे पाठवलेत, पोचले का? का तेही समितीकडे गेले?”

पहिल्या चार महिन्यांत फुमिएनं पुढील गोष्टी देऊन टाकल्या.

वय: चाळीस ऐवजी चौदा. चाळिशीचा माणूस पाहायला घरोघरी असतो, त्यासाठी कोणी टीव्ही लावत नाही.

मिशी: चौदाव्या वर्षी बसत नाही म्हणून एका खारीला देण्यात आली. खार नवीन. खारीचं खेळणं निघणार होतं, आणि मिशी नसती तर तिच्यात आणि इतर खारींत फरक राहिला नसता.

मौन: टीव्ही केंद्राच्या नियमानुसार सलग पाच सेकंदं आवाज आला नाही तर तो अपघात समजतात आणि दुरुस्तीवाला धावत येतो. सबब तोबो बोलू लागला. आवाज गाणीवाल्यांकडच्या एका मुलाचा. त्याला बोलायला फारसं येत नव्हतं, पण त्याच्या गळ्याचा करार आधीच झालेला होता.

पालुपद: ‘टपाल म्हणजे कमाल’. दर भागात किमान सहा वेळा.

पत्रं: हल्लीची मुलं पत्रं लिहीत नाहीत, त्यामुळे ती पोचवण्यात त्यांना रस नाही. तेव्हा पिशवी उघडली की तिची तोफ होईल. तोफेतून पत्रंच सुटतील, म्हणजे मूळ कल्पनेला धक्का नाही.

आई: हरवलेली. (हिचा गेममध्ये उल्लेख नव्हता. पण हरवायला कोणी तरी लागतं.)

कुत्रं: खलनायक.

हे सगळं फुमिएनं शिक्का मारून दिलं, आणि रीतसर वाकडा मारून दिलं. इथे शिक्क्याची, म्हणजे सहीऐवजी मारायच्या नावाच्या ठशाची, रीत सांगायला हवी. कागदाच्या तळाशी चौकोनांची रांग असते. डाव्या टोकाचा चौकोन सर्वांत मोठ्या माणसाचा, मग मानानं उजवीकडे उतरत जायचं. डावीकडच्या वरिष्ठापुढे आपलं नावही वाकलेलं दिसावं म्हणून खालच्यांनी आपला शिक्का डाव्या अंगाला कलता मारायचा. किती कलता, यावर समितीत दुमत नसे, कारण जाहिरातवाल्यांनी शिष्टाचाराच्या जाणकार म्हणून माकिता बाईंची नेमणूक केली होती. त्यांचा छापील तक्ता प्रत्येकाच्या फायलीत असे: पंधरा अंश म्हणजे नमस्कार, तीस म्हणजे आदर, पंचेचाळीस म्हणजे चूक झाली, क्षमा असावी. अध्यक्षांचा शिक्का सरळ. मध्यंतरी समितीनं कागद बंद करून सगळं कॉम्प्युटरवर न्यायचं ठरवलं होतं. त्या ठरावावरचे अध्यक्षांखालचे आठही शिक्के अतिशय नमुनेदार कललेले आहेत.

फुमिए तीस अंशांत मारी. चार महिन्यांत तिची मान दुखायला लागली. मान कलती नव्हती, शिक्का कलता होता, तरीही.

आठव्या भागाच्या वेळी ती शिंबाशिला समितीच्या कचेरीत, चौदाव्या मजल्यावर, स्वतः गेली. टेबलावर प्रत्येकापुढे बार्लीच्या चहाची बाटली होती, सगळ्या बाटल्यांची नावं एकाच दिशेला. अध्यक्ष कुरोइवा पावाच्या कारखान्याचे. गोल, दयाळू चेहरा, ताज्या बनसारखा.

“माझी एकच विनंती आहे,” फुमिए म्हणाली. “एका भागात, कुठल्याही एका भागात, तोबोनं अर्धं मिनिट बसावं. मुटका काढावा, अर्धा खावा, अर्धा दगडावर ठेवावा. बाकी मी काही मागितलेलं नाही.”

“नोगामिसान, आपण मागावं आणि आम्ही नाही म्हणावं, असं व्हायला नको असंच आम्हाला वाटतं,” त्सुकुदा म्हणाला. वय एकतीस, कुठलंही वाक्य तो क्षमेनं सुरू करी आणि धुक्यात सोडून देई. “तरी जरा अडचणी...”

“बसता येणार नाही,” खेळणीवाला म्हणाला. “गुडघे नाहीत.”

“कोणाला?”

“तोबोला. साच्यात गुडघे नाहीत. टीव्हीवर बसला की मुलं घरचाही बसवायला जाणार, आणि मग पाय हातात. रडारड होते हो, आम्ही खारीचा नमुना मुलांना दिला तेव्हा पाहिलंय.”

“अर्धं मिनिट म्हणजे सहा अपघात,” टीव्हीवाल्यांनी हिशेब केला. “सलग.”

“बाई, भात मलाही आवडतो,” कुरोइवा म्हणाले. “घरी मी भातच खातो. माझी बायको पावाला शिवतही नाही. पण ते घरी. इथे मुटका दिसला तर कारखान्यातले लोक मला काय म्हणतील?”

“मग पाव खाऊ दे,” फुमिए म्हणाली. इतकं तरी द्यायला ती घरून तयार होऊन आली होती. “पण अर्धा.”

“अर्धा का?” शिकवणीवर्गाच्या बाईंनी विचारलं. “आमच्याकडे तर मुलांना ताट पुसून खायला शिकवतात.”

“अर्धा टाकला म्हणजे चव आवडली नाही असं दिसतं,” कुरोइवा दुखावून म्हणाले.

“टाकत नाही. दुसऱ्यासाठी ठेवतो.”

“कोणासाठी?”

“बघणाऱ्यासाठी.”

चौदाव्या मजल्यावर शांतता पसरली. टीव्हीवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चौथ्या सेकंदाला त्यांनीच खाकरून अपघात टाळला.

“पण बघणाऱ्याला तो खाता येणार नाही,” शिकवणीच्या बाई म्हणाल्या.

“नाही.”

“म्हणजे वायाच गेला.”

हा युक्तिवाद बिनतोड होता. दोन दिवसांनी ठराव क्रमांक आठ-आ घरी आला: ‘मूळ कलाकृतीतील अर्ध्या मुटक्याच्या हृद्य प्रसंगाचा मान राखून, तोबो उभ्यानं, बोलत, एक पूर्ण क्रीमबन खाईल. त्यानंतर आणखी एक खाईल.’

नेरिमातल्या आपल्या दोन खोल्यांत फुमिएनं तो कागद टेबलावर ठेवला आणि दुपारभर त्याच्याभोवती कामं केली. मग शिमोकावाला फोन लावला.

“उलटा मार,” तो म्हणाला.

“काय?”

“शिक्का. उलटा. आपले साहेब काय करायचे? दुसऱ्या गेममध्ये तोबोला बंदूक द्यायची म्हणून वरून कागद आला होता, आठवतो? नाही म्हणायची सोय नव्हती. साहेबांनी शिक्का डोकं खाली पाय वर मारला. वरच्यांनी तो पाहिला, कोणी एक शब्द बोललं नाही, आणि बंदूक गेली. सगळ्यांना कळतं ते.”

“अजून कळत असेल?”

“कळायला काय लागतं? नाव उलटं आहे म्हणजे माणूस उलटलाय.”

फुमिएनं शिक्का शाईला लावला, पूर्ण फिरवला आणि दाबला. नोगामि हे नाव आयुष्यात पहिल्यांदा डोक्यावर उभं राहिलं. ती त्या रात्री छान जेवली.

समितीची तातडीची बैठक सोमवारी झाली. उलटा शिक्का हातोहात फिरला. अध्यक्षांना तो छापण्यातला दोष वाटला. रेल्वेवाल्यांना वाटलं बाईंचं वय झालं. अखेर कागद माकिता बाईंपुढे ठेवण्यात आला, आणि त्यांनी तक्ता काढून शांतपणे आकडेमोड केली. पंचेचाळीस अंश म्हणजे क्षमायाचना. हा शिक्का एकशे ऐंशी अंश. म्हणजे चौपट. इतका वाकलेला माणूस उभा राहूच शकत नाही. त्याचं कपाळ जमिनीला लागलेलं असणार. नोगामि बाईंनी, माकिता बाई म्हणाल्या, समितीपुढे अक्षरशः लोटांगण घातलेलं आहे. वीस वर्षांच्या नोकरीत आपण असं काही पाहिलेलं नाही.

खेळणीवाल्यानं चष्मा काढून पुसला. गुरुवारी खरबूज आलं.

पाठोपाठ त्सुकुदाचा फोन. “क्षमा करा, नोगामिसान, कुठल्या शब्दांत आभार मानावेत...”

“त्सुकुदासान, तो शिक्का उलटा आहे.”

“हो, हो. सगळ्यांनी पाहिला.”

“मला पटलं नाही, असं सांगायचं होतं मला.”

“आपण एवढ्या मोठ्या आहात हे आपल्यालाच पटत नाही. आम्हाला पटतं.”

“तो नकार आहे हो.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “नकाराला रकाना नाही. पण आपलं म्हणणं मी टिपून घेतो.”

त्यानं ते टिपून घेतलं. इतिवृत्तात आजही आहे: ‘नोगामि बाई अतीव नम्रतेपोटी आपली नम्रता नाकारतात.’ पुढच्या महिन्यापासून अध्यक्षांच्या उजवीकडच्या आठही कंपन्यांनी उलटे शिक्के मारायला सुरुवात केली, कारण आता तीस अंशांत मारणं उद्धटपणाचं दिसू लागलं होतं.

शिमोकावाला तिनं हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसला आणि मग म्हणाला, “खरबूज तरी गोड निघालं का?”

“अर्धं खाल्लं.”

“आणि उरलेलं?”

“फ्रीजमध्ये आहे. गप्प बस.”

कार्टून सुरू झालं. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला, तोफेच्या आवाजावर, ठळक अक्षरांत येई: ‘मूळ पात्र आणि देखरेख: नोगामि फुमिए’. ज्यांनी लहानपणी गेम खेळला होता ते चाळिशीचे लोक खवळले, आणि खवळल्यावर जे करतात ते त्यांनी केलं. ‘अर्धा परत द्या’ या मागणीवर एकसष्ट हजार चारशे आठ सह्या झाल्या. क्रीमबनच्या भागाखाली तर शिव्यांची इतकी दाटी झाली, की पावाच्या कारखान्यानं ‘सर्वाधिक चर्चेतला बन’ अशी जाहिरात केली. समितीनं पाहणी करवून घेतली. ज्यांना कार्टून आवडलं होतं त्यांनी सरासरी चार भाग पाहून सोडून दिलं होतं. ज्यांना ते असह्य झालं होतं त्यांनी सगळेच्या सगळे भाग पाहिले होते, काही भाग दोनदा, कारण निषेध अभ्यासपूर्ण असावा लागतो. यावरून निष्ठावंत प्रेक्षक कोण, हे समितीला कळलं आणि तिनं त्यांना जपायचं ठरवलं, म्हणजे जसं चाललंय तसंच चालू ठेवायचं.

पत्रं पुन्हा यायला लागली, छत्तीस वर्षांनी. बहुतेक न वाचण्यासारखी. ‘तुमचा शिक्का आहे ना त्यावर? मग?’ हे त्यांतलं सौम्य. एक मात्र निइगाताहून उसामि कोहेइ नावाच्या माणसाचं होतं, वय पंचेचाळीस, धंदा छपरांवरचा बर्फ काढणं आणि उन्हाळ्यात छपरं. पत्राला त्यानं एका जुन्या पोस्टकार्डाची छायाप्रत जोडली होती. फुमिएच्याच अक्षरात: ‘हो, तुझाच.’ खाली त्यानं एक ओळ लिहिली होती.

‘मग तो कोणी खाल्ला?’

फुमिएनं ते पत्र तीनदा वाचलं. दोन क्रीमबन खाणारा तोबो तिला सहन झाला होता, तोफ सहन झाली होती, खारीच्या मिशीचीही सवय झाली होती. हे झालं नाही. तेवीसशे जणांना शब्द तिनं दिला होता, समितीनं नव्हे.

आणि मग, ज्या कारणानं मुटका मुळात अर्धा राहिला होता त्याच कारणानं तो परत आला: काहीतरी कमी पडलं. शेवटच्या, सव्विसाव्या भागात तीस सेकंदांची चित्रं कमी पडली. दोन चित्रकार आजारी, एक पळालेला.

“क्षमा करा,” त्सुकुदाचा आवाज खोल गेला होता, “अशा वेळी आपल्याला त्रास द्यायचा म्हणजे...”

“तीस सेकंदं?”

“तीस.”

“एक चित्र मी काढते,” फुमिए म्हणाली. “एकच. तो बसलेला.”

पावाचा करार पंचविसाव्या भागाला संपला होता, त्यामुळे भाताला हरकत उरली नव्हती. गुडघे पिशवीमागे झाकले जाणार होते. शिकवणीच्या बाई परीक्षांच्या धामधुमीत बैठकीला आल्या नाहीत. टीव्ही केंद्राकडे ‘पूर्वनियोजित अपघात’ असा एक अर्ज निघाला, तो त्यांनी स्वतःच भरला. अशा रीतीनं, नऊ कंपन्यांपैकी कोणाचीही इच्छा नसताना आणि कोणाच्याही लक्षात न येता, अर्धा मुटका मंजूर झाला. आठ शिक्के उलटे, अध्यक्षांचा सरळ.

चित्र फुमिएनं स्वेटरच्या नक्षीच्या कागदावर काढलं, सोळा चौकोन उभे, सोळा आडवे. चाळिशीचा तोबो. मिशीचे दोन ठिपके, एक उडालेला. शेजारी दगड, दगडावर अर्धा. रविवारी सकाळी तिनं तो भाग लावला आणि त्या तीस सेकंदांत हात मांडीवर ठेवून बसली. तिसाव्या सेकंदाला तोफेचं गाणं सुरू झालं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण श्वासही जपून घेत होतो.

दुपारपर्यंत हजारो लोकांनी लिहिलं. ‘रडलो.’ ‘शेवटी मिळाला.’ ‘एवढंच तर मागत होतो.’ शिमोकावानं फोन करून काहीही टोमणा मारला नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.

समितीचा अहवाल दहा दिवसांनी आला. हल्ली कार्टून लोक फोनवर पाहतात, आणि कोणी कुठल्या सेकंदाला काय दाबलं याची नोंद यंत्र ठेवतं. फोनवर पाहणारे दोन लाख चौदा हजार. त्यांपैकी तोबो बसल्यावर ‘दहा सेकंदं पुढे’ हे बटण दाबणारे: त्र्याऐंशी टक्के. तिन्ही वेळा दाबणारे: ऐंशी. ‘अर्धा परत द्या’वर सही करणाऱ्यांची नोंद वेगळी काढली होती, त्यांच्यात दाबणारे सत्त्याऐंशी टक्के निघाले, कारण अर्धा परत मिळाल्याचं इतरांच्या आधी लिहायची घाई त्यांनाच जास्त होती. सह्यांची यादी सोबत जोडलेली होती, नावापुढे सेकंद. फुमिएनं चष्मा लावून निइगाता शोधलं. उसामि कोहेइ: बटण सातव्या सेकंदाला, तीनदा. डोळे भरून आल्याचं त्यानं त्यानंतर बारा सेकंदांनी लिहिलं होतं.

अहवालाखाली ठराव होता. दुसरी मालिका काढावी. तीत तोबो कधीही बसणार नाही. प्रेक्षकांचा कौल स्पष्ट आहे. शेवटचा चौकोन फुमिएसाठी रिकामा.

तिनं शिक्का हातात घेतला आणि तसाच धरून राहिली. सरळ मारावा तर हल्ली तो उद्धटपणा. उलटा मारावा तर लोटांगण. आणि खरी पंचाईत निराळीच होती: समितीचं या वेळी काही चुकलेलं नव्हतं.

तिनं त्सुकुदाला फोन केला. “थांबणारा एकही नसेल असं नाही,” ती म्हणाली.

“आहेत ना, सतरा टक्के,” तो म्हणाला. “पण क्षमा करा, आम्ही चौकशी केली. त्यांतल्या बऱ्याच जणांना झोप लागली होती. काही जण स्वयंपाकघरात होते.”

“जागेपणी, आपण होऊन, अर्धं मिनिट हात आवरणारा एक माणूस दाखवला तर?”

त्सुकुदा विचारात पडला. याला रकाना होता. “एक दाखवलात,” तो म्हणाला, “तर मी कागद अडवून धरतो. पण एक तरी हवा. आणि मुदत पुढच्या सोमवारची.”

कागद अजून नेरिमातल्या टेबलावर आहे, शिक्क्याविना. फुमिएनं शिमोकावाला तो भाग दाखवून पाहिला, पण नेमका नवव्या सेकंदाला तो कांदे खाली ठेवायला उठला, म्हणून बाद. राहता राहिलात तुम्ही. इतका वेळ समितीला हसत इथवर आलात, म्हणजे तोबोची कदर असलेले दिसता. काही अवघड नाही. तो पिशवीवर बसलाय, तुमच्याकडे तोंड करून. मुटका हातात आहे. अर्धं मिनिट फक्त, या ओळीवर थांबा, पुढची वाचू नका.

बघा. तो उठला, आणि मुटका त्यानं परत पिशवीत ठेवला.